बोरमाशीचे डोळे

लातूरकरांचा त्या काळात दोनच गोष्टींवर भरवसा उरला होता, पत्र्यावर आणि पॉइंटवर. भूकंपात दगडामातीच्या घरांनी दगा दिला, तेव्हापासून डोक्यावर पडला तरी टेंगळावर भागेल असा पत्रा लोकांना प्रिय झाला. आणि पोराबाळांचं कल्याण आता मेडिकल-इंजिनिअरिंगच्या यादीत आहे, हे एकदा ठरून गेल्यावर पॉइंटवाचून गत्यंतर राहिलं नाही. या दोघांच्या संसारातून पत्र्याचे क्लास जन्माला आले. गल्लीत जरा मोकळी जागा दिसली की तिथं पत्रे ठोकले जात, बाकं मांडली जात, आणि बिलोली, लोहा, औसा, कुठून कुठून आलेली पोरं त्या भट्टीत मान खाली घालून पॉइंट उतरवून घेत. बाहेरून जाणाऱ्याला आत काय शिकवतात ते कळत नसे, पण कितवा पॉइंट चालू आहे ते हमखास कळे. आता त्याच रस्त्यांवर काचेच्या चार मजली इमारती आहेत आणि त्यांच्यावर हसऱ्या गुणवंतांचे भलेमोठे फोटो आहेत. मी अजून कधी गेले तर त्या फोटोंकडे बघत नाही, इमारतीच्या खांबांकडे बघते. भूकंप पाहिलेल्या माणसाची ती खोड जात नाही.

आमचं घर स्लॅबचं होतं, म्हणून उभं राहिलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला तेवढी एक भेग गेली होती. तिच्यावर बाबांनी कॅलेंडर टांगलं आणि भेगेचा विषय संपवला. बाबा कचेरीत कारकून होते. न दिसणारी गोष्ट नसतेच, असा त्यांचा कचेरीतला अनुभव असावा. पुढच्या दोन खोल्या बाहेरगावच्या पोरांना दिल्या होत्या, मधल्या खोलीत आम्ही, आणि स्वयंपाकघरात आईची खानावळ. पहाटे आधी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग भाकरी थापल्याचा, आणि त्या तालावर पुढच्या खोल्यांतून पाठांतर सुरू होई. एकाचं रसायन, दुसऱ्याचं जीवशास्त्र, तिसरा नुसताच गणपतीस्तोत्र म्हणे. आईला ऐकून ऐकून इतकं पाठ झालं होतं, की एखादा पोरगा मध्येच अडखळला तर ती भाकरी उलटता उलटता पुढचा शब्द पुरवत असे. सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेले चुरमुरे फोडणीला टाकून, दुपारी तुरीचं वरण आणि भाकरी, सोबत शेंगदाण्याची चटणी. पोरांनी चटणीला नाव ठेवलं होतं ‘कंपल्सरी’.

मीही तेव्हा बारावीला होते आणि माझ्यावर वेगळंच संकट होतं. मला डॉक्टर व्हायचंय, असं बाबांनी ठरवलं होतं. तेव्हा बोर्डाच्या मार्कांवरच मेडिकल मिळे आणि त्यात प्रॅक्टिकलचेही मार्क धरत. त्यामुळे प्रॅक्टिकल घ्यायला बाहेरून येणारे परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, हे आमच्या घरात ग्रामदैवताच्या एक पायरी वर होते. बाबा त्यांचा उल्लेख करताना आवाज खाली आणत.

या सगळ्या गडबडीत अंगणातल्या बोरीखाली एक बाज पडलेली असे आणि बाजेवर अक्का. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण. औशाच्या पलीकडं तिचं गाव होतं. भूकंप झाला तेव्हा म्हैस व्यायला झाली होती, म्हणून अक्का पहाटे गोठ्याबाहेर उघड्यावर बसलेली होती. घराचं माळवद तिच्या डोळ्यांदेखत खाली आलं. आत तिचा नवरा होता आणि एकुलता मुलगा होता. म्हैस वाचली, रेडकू वाचलं, अक्का वाचली. सरकारनं गाव दुसरीकडं वसवून दिलं, पण अक्का तिथं राहीना. बाबाच जाऊन तिला घेऊन आले. ती आली, उंबऱ्यापर्यंत आली, वर स्लॅबकडं पाहिलं आणि मागं फिरून बोरीखाली बसली. ती तिथंच राहिली. थंडीत आई दोन गोधड्या देई, पावसाळ्यात बाबा बोरीला ताडपत्री बांधत. जेवायला ती उंबऱ्याबाहेर बसे आणि ताट आतून सरकवलं जाई. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं, पुढच्या खोलीतल्या पोरांनी स्लॅबचं गणित मांडून दाखवलं. अक्का सगळ्यांचं ऐकून घेई आणि म्हणे, “हाव, खरं हाय तुमचं.” आणि बाजेवरून हलत नसे. मला तिचा फार राग येई आणि रागाच्या खाली फार वाईट वाटे.

बोरीचं म्हणाल, तर ती जातीनंच अळ्यावाली होती. झाड भरून बोरं लागत, पिवळीधमक, आणि दहा फोडली तर आठांत पांढरी अळी वळवळे. आमच्या घरात बोर तोंडात टाकायची पद्धतच नव्हती. अर्धं चावायचं, उरलेल्या अर्ध्यात डोकावायचं, आत कुणी आहे का पाहायचं, मग ठरवायचं. भोगीच्या भाजीत घालायची बोरं आई चिरून, उजेडात धरून घेई. शेजारच्या बाळाच्या बोरन्हाणाला आमची बोरं गेली, तेव्हा बाळाच्या डोक्यावरून ओघळलेल्या बोरांतून दोनचार अळ्या त्याच्या झबल्यावर उतरल्या आणि त्या घराशी आमचं बोलणं होळीपर्यंत बंद होतं. या अळ्यांची माशी होते आणि ती माशी पुन्हा बोरात अंडी घालते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. माशी घरमाशीहून लहान, पिवळसर, पंखांवर तपकिरी पट्टे. हिवाळ्यातल्या सकाळी गारठून बोरावर बसलेली असे, तेव्हा तिला हातानं उचललं तरी उडत नसे. अक्काला दुसरं कामच नव्हतं, ती त्या माश्यांकडं तासन्‌तास बघत बसे. एकदा मला बोलावून म्हणाली, “शैले, डोळे बघ हिचे. मोराच्या पिसावानी हायत.” मी पाहिलं. हिरवे होते, वळवलं की जांभळट झाक मारणारे. मी म्हटलं, परीक्षेला येत नाही हे, आणि आत गेले.

परीक्षेला काय येतं, हे आमचे पॉइंट सर ठरवत. ते कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला होते आणि क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. पाठीवर हात बांधून ते फिरत आणि डोळे मिटून सांगत, आणि शंभर पोरं लिहीत. फळमाशीवर त्यांचे आठ पॉइंट होते. “पॉइंट नंबर एक. डोळे लाल,” असं ते म्हणत आणि थांबत, मग सगळा पत्रा एका सुरात म्हणे, “डोळे लाल.” ती पुस्तकातली फळमाशी, केळं कुजलं की घोंघावणारी बारकी चिलटं, ज्यांच्यावर जगभरच्या विद्वानांनी आनुवंशिकता शिकली. तिचे डोळे खरोखरच लाल असतात. सरांचं काही चुकत नव्हतं. फक्त त्यांच्या मते जगात फळमाशी एकच होती, कारण अभ्यासक्रमात एकच होती. वेळ अमावस्येला सगळं लातूर शेतात जाऊन आंबील पीत होतं, भज्जीवर ताव मारत होतं, त्या दिवशीसुद्धा सरांनी टेस्ट ठेवली आणि पहिला प्रश्न तिच्या डोळ्यांवर घातला.

तर या सरांना आमचं अंगण हवं होतं. त्यांच्या पत्र्यात पोरं मावेनात. आमच्या अंगणात पत्रे ठोकले की लेखी परीक्षेआधीच्या सुट्टीतली खास बॅच तिथं भरवता येईल, आणि मुलगी घरातच पहिल्या बाकावर बसेल, असं त्यांनी बाबांना सांगितलं. बाबांना पहिल्या बाकाचं फार अप्रूप. अडचण एवढीच होती, की अंगणाच्या मधोमध बोर होती. बाबांनी होकार दिला. प्रॅक्टिकल संपलं की झाड तोडायचं ठरलं. आईनं एकदाच विचारलं, “आन अक्कानं कुठं झोपायचं?” बाबा म्हणाले, पत्र्याखाली झोपतील, पत्र्याला काय भ्यायचं. त्या दिवशी चटणीत मीठ दुप्पट पडलं आणि पोरांना ती कंपल्सरी वाटली नाही. अक्कानं ऐकलं, मान हलवली आणि गोधड्यांच्या घड्या घालायला लागली. ती आपल्या नव्या गावात, जिथं तिचं कुणीच नव्हतं, परत जायची तयारी करत होती. ते मला दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते.

अशात कॉलेजच्या प्रयोगशाळेत अनर्थ झाला. परीक्षेत ओळखायला ठेवायची म्हणून पुस्तकातली फळमाशी बाटलीत केळ्याचा लगदा घालून पाळलेली होती. केळं खास नांदेडकडचं, गोड. त्या गोडव्यावर मुंग्या आल्या, बूच कुणीतरी सैल ठेवलेलं, आणि मुंग्यांनी सगळा वंश साफ केला. परीक्षा दुसऱ्या दिवशी. पॉइंट सरांना आमची बोर आठवली. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “तुमच्याकडं माश्या भरपूर आहेत. सकाळी घेऊन या.” मी चाचरत म्हटलं, सर, ती वेगळी आहे, तिच्या पंखावर पट्टे आहेत. सर म्हणाले, “फळावर बसते ना? मग फळमाशीच. पट्ट्याचा पॉइंट नाही आपल्याकडं.”

सकाळच्या गारठ्यात मी आणि अक्कानं माश्या गोळा केल्या. ती फांदी वाकवून धरी, मी माशीवर पेला पालथा घाली. अक्का फार दिवसांनी जरा खुशीत होती. हे झाड जाणार म्हणून तिनं एक शब्द काढला नाही. मला म्हणाली, जपून ने, पंख मोडतील. कॉलेजात ईथरचा बोळा टाकून त्यांना गुंगी दिली आणि एकेक माशी सूक्ष्मदर्शकाखाली जाऊन बसली.

परीक्षक नांदेडचे होते. किडकिडीत, कानावर मफलर, आणि खिशात स्वतःचं भिंग. भिंग घेऊन येणारा परीक्षक आमच्या कॉलेजानं पाहिला नव्हता. बाकीचे परीक्षक नाश्त्याला येत. त्यांनी सगळ्या नमुन्यांवरून एक फेरी मारली आणि माशीपाशी थबकले. वाकून पाहिलं, ताठ झाले, पुन्हा वाकले. पॉइंट सरांकडं पाहिलं. सर त्यांच्याकडं बघून हसले. मग परीक्षक तिथंच स्टूल ओढून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला माशी दाखवून एकच विचारू लागले, की डोळ्यांचा रंग सांगा. पहिल्यानं नळीला डोळा लावला, भरपूर वेळ पाहिलं आणि सांगितलं, लाल. दुसऱ्यानं सांगितलं, लाल. एका मुलीनं तर न पाहताच सांगितलं. बिलोलीचा आमच्याच घरी राहणारा एक पोरगा जरा घुटमळला, पुन्हा डोळा लावला, घाम पुसला आणि म्हणाला, “लालच आहेत सर, पण उजेड हिरवा पडलाय.” तो पुढं जिल्ह्यात नावाजलेला सर्जन झाला.

माझा नंबर आला. पॉइंट सर परीक्षकांच्या मागं उभे होते आणि त्यांनी दोन्ही भुवया कपाळात चढवून माझ्यासाठी पॉइंट नंबर एक धरून ठेवला होता. मला कळत होतं, की हिरवा म्हटलं तर सर दुखावतील, मग बाबा दुखावतील, आणि लाल म्हटलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. मी नळीला डोळा लावला. सकाळी अक्कानं वाकवून धरलेल्या फांदीवर बसलेली तीच माशी, तेच डोळे, फक्त ताटाएवढे मोठे. मी म्हटलं, “हिरवे, सर. मोराच्या पिसासारखे.” यात धैर्य वगैरे काही नव्हतं. एवढं सुंदर काही समोर असताना दुसरा शब्द तोंडात येईना.

परीक्षकांनी स्टूल माझ्याकडं वळवलं. ही माशी कुठून आली, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्या बोरीवरची. नाव माहीत आहे? नाही, सर. “बरोबर,” ते म्हणाले. “हिचं नाव फारसं कुणालाच माहीत नाही. पुस्तकातल्या माशीचे लाड सगळं जग करतं. ही बोरापुरतीच जगते, म्हणून हिच्याकडं कुणी बघत नाही. मी नोकरीभर हिच्यामागं आहे आणि मला लोक बोरवाला म्हणतात.” मग त्यांनी झाड बघायला येऊ का, असं विचारलं. असा प्रश्न परीक्षकानं विद्यार्थ्याला विचारल्याचं आमच्या गावात कुणी ऐकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. बाबांनी रजा काढली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पुढच्या खोलीतल्या पोरांना मोठ्यानं पाठांतर करायची ताकीद दिली होती. आईनं सुशीलावर खोबरं जरा जास्तच पेरलं. परीक्षकांनी बशीकडं पाहिलंसुद्धा नाही. ते थेट बोरीखाली उकिडवे बसले, खुरपं मागितलं, आणि अक्काच्या बाजेच्या पायाशी माती उकरून चाळायला लागले. बाबा बशी धरून शेजारी उभे. थोड्या वेळानं परीक्षकांनी तळहात पुढं केला. हातावर ज्वारीच्या बारीक दाण्यासारखे पिवळट कोश होते. बोरातली अळी मोठी झाली की खाली उतरते आणि मातीत शिरून कोश करते, असं ते सांगत होते. काही लगेच बाहेर येतात, काही उन्हाळा-पावसाळा आतच काढतात आणि बोरीला नवी फळं धरली की वर येतात. अक्का बाजेवरून खाली उतरली आणि त्यांच्या हाताकडं वाकून बघत राहिली.

“जमिनीत जाऊन झोपून राहतंय?” तिनं विचारलं. “वर येवढं झाड आसून?”

“हो, अक्का.”

“भ्या वाटत न्हाई त्याला?”

परीक्षकांना तिचं काही ठाऊक नव्हतं. आई दारात होती, तिनं पदर तोंडाला लावला. ते म्हणाले, “भीती वाटत असंल, काय सांगावं. पण येतं वर.” अक्कानं त्यातला एक कोश बोटाच्या टोकावर घेतला, बराच वेळ पाहिला, आणि जिथून काढला होता तिथं परत ठेवून वर माती लोटली.

जाताना परीक्षकांनी सहज चौकशी केली, झाड ठेवणार आहात ना? पुढच्या हंगामात कोश उघडतील तेव्हा पुन्हा यावं म्हणतो. बाबांनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “म्हंजे काय साहेब, तोडायचा सवालच न्हाई.” संध्याकाळी पॉइंट सर पत्र्याचं माप घ्यायला टेप घेऊन आले, तेव्हा बाबांनी आवाज खाली आणून त्यांना एवढंच सांगितलं, की एक्स्टर्नल म्हणालेत. सरांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. एक्स्टर्नलपुढं पॉइंट निघत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी मागच्या गल्लीतल्या अंगणात पत्रे ठोकले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. प्रॅक्टिकलचे मार्क परीक्षेच्याच संध्याकाळी पाकिटात घालून लाखेनं सीलबंद होत असत. परीक्षक आमच्या घरी आले तेव्हा माझे मार्क बोर्डाच्या वाटेवर होते. झाड राहिलं काय, पडलं काय, त्यात अर्धा मार्क इकडचा तिकडं होणार नव्हता. मला हे ठाऊक होतं. बाबांची सगळी नोकरी सीलबंद पाकिटं पुढं सरकवण्यात गेली होती, त्यांना ठाऊक नसेल असं मला तेव्हा वाटलं. तेव्हा मी फार हुशार होते.

निकाल लागला. प्रॅक्टिकलला भरभरून मार्क पडले आणि बाकीच्या विषयांनी हात दिला नाही, मेडिकल हुकलं. बाबा दोन दिवस जेवले नाहीत, मग जेवले. मी नांदेडला प्राणिशास्त्राला गेले. पुढं लोह्याच्या कॉलेजात शिकवायला लागले, आणि अजूनही प्रत्येक वर्गाला आधी माशी दाखवते, मग पुस्तक उघडते. त्याबद्दल माझ्याविरुद्ध पालकांच्या तक्रारीही आल्या. पोरांचा वेळ वाया घालवते म्हणत. त्यांचं काही चुकत नव्हतं.

नांदेडला माझं दुसरं वर्ष चालू असताना मी दिवाळीच्या आधी घरी आले होते. बोरीला बारीक हिरवी फळं धरली होती. सकाळी अक्कानं मला हाक मारली. बाजेच्या पायाशी मातीतून एक माशी वर येत होती, पंख ओले, चुरगळलेले. आम्ही दोघी तिचे पंख वाळून उलगडेपर्यंत बसून राहिलो. मग ती उडून गेली. त्या दिवशी संध्याकाळी अक्कानं बाजेवरची गोधडी काखेत मारली, उंबरा ओलांडला आणि मधल्या खोलीत दाराजवळ अंथरूण घातलं. दार उघडं ठेवा, एवढंच म्हणाली. आईच्या हातातली परात खाली पडली. पुढच्या खोलीतलं पाठांतरसुद्धा थांबलं. या दोन गोष्टींची सांगड मी घालत नाही. सांगड घालायला पॉइंट सर आहेत.

सकाळी सगळे चहाला बसलो होतो. अक्का पहिल्यांदाच आत, आमच्या ओळीत बसली होती. तिनं एकदा वर स्लॅबकडं पाहिलं, एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, आणि मग बाबांना म्हणाली, “पाव्हणं, माज्यापायी लई दिवस अडलं तुमचं. आता तोडा ते झाड. घाला पत्रे.”

बाबांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. माझा बारावीचा निकाल लागून तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं.

“असं कसं तोडता येईल, अक्का,” बाबा आवाज खाली आणून म्हणाले, “एक्स्टर्नलला विचारावं लागंल.”

अक्का त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं आपला कप उचलला.

“विचारा मग,” ती म्हणाली. “घाई न्हाई.”